पाच फुटांवरची शिवण

माझं काम दिवे लावायचं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो आणि लोक मला वायरमन समजतात. समजू देत. नाटक, नाच, भाषणं, शाळांचे कार्यक्रम, जिथे म्हणून एक माणूस उभा राहून काही करतो आणि बाकीचे बसून बघतात, तिथे त्या माणसावर उजेड कसा पडावा हे मी पस्तीस वर्षं ठरवत आलोय. या कामात एक गोष्ट पक्की शिकलो. एक दिवा, एक माणूस, एक सावली. सावल्या दोन दिसल्या तर कुठेतरी दुसरा दिवा जळतोय. तो शोधायचा आणि बंद करायचा. थिएटरांतून भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे पैशाला पासरी भेटतात. मी त्यांच्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट माझ्या ताईची आहे. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिने नाच शिकवला, स्वतःचा संच उभा केला, आणि दिव्यांसाठी दुसरं कुणी मिळत नाही असं सगळ्यांना सांगून मला त्यात ओढलं. तेव्हा मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो आणि माझं काय करायचं हा जेवताना रोजचा विषय होता. ती मला 'दिवट्या' म्हणते. संचातल्या मुली तिला ताई म्हणतात आणि मला मामा. नात्याचं हे गणित सोडवायला कुणी जात नाही.

गेल्या वर्षी तिची नजर जायला लागली. आधी मधला भाग गेला. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसत्या कडा दिसायच्या, केस आणि कान. "तुझे कान म्हातारे झाले रे," असं ती मला एकदा म्हणाली होती. मग कडाही गेल्या आणि फक्त उजेड आणि अंधार उरला. पांढऱ्यावर काही मोठं आणि काळं असेल तर तिला त्याचा आकार कळायचा, एवढंच. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हेही जाईल. दोन आठवडे, फार तर तीन.

ताई रडली नाही. घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाली, "मग जायच्या आधी एकदा माझा नाच बघून घेते."

तिचा म्हणजे सात जणींचा तो नाच, जो तिने तिशीत बसवला आणि ज्यात डावीकडची कडेची जागा वीस वर्षं तिची स्वतःची होती. गुडघे गेले तेव्हा तिने ती सोडली. आता तो नाच नेहमीसारखा रंगमंचावर केला असता तर तिला उजेडाचा एक ढग दिसला असता, बाकी काही नाही. सावल्यांची कल्पना माझी. मोठं पांढरं कापड ताणायचं, त्यामागे एक दिवा ठेवायचा, दोघांच्या मध्ये मुली नाचतील आणि कापडावर त्यांच्या काळ्या आकृत्या उमटतील. त्या तिने समोर बसून बघायच्या. शिवाय चित्रीकरण करून ठेवायचं, म्हणजे नजर आहे तोवर रोज भिंतीवर मोठं करून बघता येईल. ताई म्हणाली, "दिवट्या, आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलंस."

मी तिच्यासाठी एवढा का धडपडत होतो, हे सांगायला हवं. मी सहा वर्षांचा असताना आमच्या इमारतीच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचो. एकदा तोल गेला आणि कठड्याच्या पलीकडे पडलो. खालून ताई शाळेतून येत होती. तिने दप्तर टाकलं आणि हात पुढे केले. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं आणि नीट बसलं नाही. तेव्हापासून तो हात मनगटाशी आत वाकलेला असतो, काही केल्या सरळ होत नाही. नाच शिकणारी तेरा वर्षांची मुलगी ती. तिच्या शिक्षिका घरी येऊन आईला सांगून गेल्या की आता हिला दुसरं काहीतरी शिकवा. ताई दुसरं काही शिकली नाही. त्या हाताला सांभाळून घेत तिने स्वतःचे नाच बसवले आणि त्या जिन्याचा विषय घरात कुणाला काढू दिला नाही. मोठेपणी मी एकदा धीर करून आभार मानायला गेलो, तर म्हणाली, "फार वजन नव्हतं तुझं."

गंमत अशी की मुली तिचं बघून शिकल्या, त्यामुळे नाचताना सगळ्यांचंच डावं मनगट वाकतं. कुणा जाणकाराने त्यावर मोठा लेखही लिहिला होता, की या शैलीतलं वाकलेलं मनगट म्हणजे जगापुढची नम्रता वगैरे. ताईने तो वाचून घेतला आणि पोट धरून हसली. फक्त एका जागी ती मुलींना तसं करू द्यायची नाही. या नाचाच्या शेवटी सातही जणी डावा हात डोक्यावर नेऊन थांबतात. तिथे हात सरळ हवा, बोटांच्या टोकापर्यंत. "निदान शेवटी तरी," ती म्हणायची. तिथे कुणाचं मनगट वाकलेलं दिसलं तर तालीम पुन्हा पहिल्यापासून.

आम्हाला जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला. लांब, रिकामी खोली. फरशीवर यंत्रांच्या पायांच्या खुणा, हवेत अजून शाईचा वास. जिना इमारतीच्या बाहेरून, पूर्वेला. खोलीत डाव्या भिंतीला मोठ्या खिडक्या होत्या, त्या आम्ही काळ्या कापडाने बंद केल्या. मध्यावर पांढरं सुती कापड छतापासून जमिनीपर्यंत ताणलं. एवढ्या रुंदीचं सलग कापड मिळत नाही, म्हणून तीन पट्टे आडवे शिवून घेतले होते. खालची शिवण जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर. अशा कापडाला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी चित्रात सुरीच्या वारासारखी दिसते. त्यावर उपाय एकच, फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचं आणि कडा ताणायच्या. कापड वाळताना आवळतं आणि चुणी जाते. आदल्या दिवशी माझी दुपार त्यातच गेली.

दिवा कापडापासून चोवीस फुटांवर, जमिनीलगत. भिंग काढून टाकलेला, नुसता उघडा दिवा, म्हणजे सावलीची कड स्वच्छ येते. मुलींच्या जागा कापडापासून तीन फुटांवर, चिकटपट्टीच्या सात फुल्या मारून ठरवलेल्या. हे अंतर फार महत्त्वाचं. माणूस दिव्याजवळ गेला की सावली मोठी आणि पुसट होते, कापडाजवळ गेला की लहान आणि ठसठशीत. आमच्या मापाने सव्वापाच फुटांची मुलगी कापडावर सहा फुटांची दिसत होती. सावलीची उंची आणि कड बघून माणूस कुठे उभा आहे हे मी फुटाच्या हिशेबाने सांगू शकतो. त्यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही, शिंप्याला नजरेने माप कळतं तसंच.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मी ताईला हात धरून जिना चढवला. ऊन समोरून भिंतीवर पडलं होतं. तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून मी भिंतीवरच्या आमच्या सावल्यांकडे बघत तिचं पाऊल कुठे पडतंय ते सांगत होतो. दोन सावल्या आणि एक काठी. हे मला नीट आठवतं आणि पुढे कितीतरी वेळा मी ते मुद्दाम आठवून बघितलं.

तिला लागणारी उंच पाठीची खुर्ची घेऊन धाकटी आमच्या मागून येत होती. सात जणींत ती वयाने लहान, म्हणून धाकटी. ताईची कडेची जागा आता तिची. शेवटून तिसऱ्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. ताई तोवर आत गेली होती. दहा मिनिटांत घोटा लिंबाएवढा सुजला आणि पाय टेकवेना. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून आवाज नाही, का तर ताईला कळेल.

काय करायचं यावर मागच्या बाजूला दबक्या आवाजात चर्चा झाली. थोरली, म्हणजे संचातली सगळ्यात जुनी आणि ताईनंतर शब्द चालतो ती, म्हणाली की दोन-चार दिवस थांबू. पण त्या आठवड्यात ताईची नजर रोज थोडी कमी होत होती. आदल्या दिवशी तिला खिडकी कुठे आहे हे विचारावं लागलं होतं. उद्यावर टाकलं आणि उद्या दिसलंच नाही तर? ती जागा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. एकीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. शेवटी ठरलं की सहा जणींनीच करायचं आणि ताईला काही सांगायचं नाही. तिला आता आकडा थोडाच कळणार आहे, असं मी म्हणालो. म्हणताना वाईट वाटलं.

ताई कापडाच्या पुढच्या बाजूला उजव्या भिंतीला खेटून बसली, म्हणजे उठताना भिंतीचा आधार मिळेल. काठी खुर्चीला टेकवलेली. तिच्या शेजारी तिपाईवर कॅमेरा आणि कॅमेरावाली. ही बाई कमी बोलते आणि सतत एक पेन्सिल चावत असते, तिच्याबरोबर मी वीस वर्षं काम केलंय. मी मागे दिव्याशी. धाकटी माझ्याजवळ एका खोक्यावर पाय वर करून बसली होती. गाण्याचा आवाज सुरू झाला, मी दिवा चढवला आणि सहा जणी नाचल्या. माझ्या बाजूने मला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि कडेची सातवी फुली रिकामी होती.

नाच संपल्यावर पलीकडून ताईचा आवाज आला. "छान. फक्त ती कडेची उशिरा आली. दुसऱ्या फेरीत आली. तिला सांग, सुरुवातीपासून यायचं."

मला भरून आलं. वाटलं, नजर नाही तर मन भरून काढतंय, बरं आहे. तेवढ्यात कॅमेरावाली कापडाला वळसा घालून मागे आली. पेन्सिल तिच्या हातात होती, तोंडात नव्हती.

"धाकटीच्या जागी कुणाला घातलंत?"

"कुणाला नाही."

तिने धाकटीच्या पायाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "मग या तुम्ही."

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही दोघांनी ते पाहिलं. पहिल्या फेरीत सहा सावल्या आणि कडेला रिकामी जागा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला डाव्या कडेने एक सावली आत आली, जरा थांबली, ताल पकडला आणि त्या जागेत नाचायला लागली. शेवटाच्या थोडं आधी ती ज्या कडेने आली त्याच कडेने गेली.

मी आधी तेच केलं जे नेहमी करतो, दुसरा दिवा शोधला. नव्हता. खिडक्यांची कापडं तपासली, कुठे फट नव्हती. दुसऱ्या दिव्याची सावली फिकी पडते, ही बाकीच्यांइतकीच काळी होती. आधीचं काही चित्र यात मिसळलंय का विचारलं, तर कॅमेरावालीने उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. मग मी चित्र थांबवून माप घेतलं. बाकीच्या सहाही जणी शिवणीच्या वर होत्या, कुणी साडेपाच फूट, कुणी सहा. सातवीचं डोकं नेमकं शिवणीला लागत होतं. पाच फूट. आणि तिची कड इतकी स्वच्छ होती की कुडत्याच्या काठाचा निघालेला दोरा दिसत होता.

एवढी स्वच्छ कड एकाच ठिकाणी मिळते. ती जी कुणी होती, ती तीन फुटांवर नव्हती. कापडाला टेकून होती आणि तिची उंची खरीच पाच फूट होती. कापडाला टेकून माणूस नाचला तर कापड हलतं. ते हललं नव्हतं.

पाच फूट उंचीचा एक माणूस मला चांगला माहीत होता. वीस वर्षं त्या कडेच्या जागेवरचा दिवा मी पाच फुटांच्या हिशेबाने बांधत आलो होतो. पण तो माणूस आमच्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसून पाण्याची बाटली मागत होता. मी बाटली दिली.

"काय बघताय दोघं?" ताईने विचारलं.

"माप."

"माप बघत बसू नका. आणखी एकदा करू या. आता सगळ्या जमल्यात."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. मुलींना काही सांगायचं नाही, असं मी कॅमेरावालीला म्हणालो. ती म्हणाली, मी कशाला सांगतेय. धाकटीच्या हातात दिव्याचं बटण दिलं, केव्हा चढवायचं आणि केव्हा उतरवायचं ते समजावलं, आणि मी पुढे येऊन ताईच्या शेजारी उभा राहिलो. दुपारचे साडेतीन झाले होते.

दिवा लागला. कापड पांढरं झालं. त्यावर सावल्या उभ्या होत्या.

मी मोजलं. मग पुन्हा मोजलं. सात.

या वेळी ती पहिल्यापासून होती. शिवणीखाली, कडेला, बाकीच्यांपेक्षा बुटकी. ती फार चांगली नाचत होती. मी दिवेवाला माणूस, नाचातलं मला कळतं असं म्हणणार नाही, पण बाकीच्या सहा जणी ताल मोजत होत्या आणि ती मोजत नव्हती. ताईचा डावा पाय फरशीवर हलके हलके पडत होता. गुडघा दुखतो म्हणून तिने दोन वर्षांत तो पाय असा हलवला नव्हता.

कॅमेरावालीने माझी बाही धरली होती. ती सोडेना.

शेवट आला. सहा डावे हात डोक्यावर गेले, सरळ, बोटांच्या टोकांपर्यंत.

सातवा हातही वर गेला. मनगटाशी तो आत वाकलेला होता. सरळ करायचा प्रयत्न चाललेला दिसत होता. झाला नाही.

गाणं थांबलं आणि मागे धाकटीने सांगितल्याप्रमाणे दिवा हळूहळू उतरवला.

त्या अंधारात ताई म्हणाली, "कडेची शेवटी हात सरळ करत नाहीये."

 तालीम पुन्हा पहिल्यापासून, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो.

"असू दे," ती म्हणाली. "जमत नसेल बिचारीला." मग म्हणाली, "धाकटीचा पाय मुरगळलाय ना? जिन्यात खुर्ची आपटली तेव्हाच कळलं मला. माझे डोळे गेलेत, कान नाही. मग आयत्या वेळी उभं राहिलं कोण?"

"आपल्यातलीच एक."

"माझे आभार सांग तिला. विसरू नकोस. मी आज पोटभर बघितलं."

मुली दमल्या होत्या, खोलीत उकडत होतं. थोरलीने हवा यावी म्हणून पहिल्या खिडकीवरचं काळं कापड ओढून काढलं. उतरतीचं ऊन सरळ आत आलं आणि समोरच्या भिंतीवर पडलं, जिथे ताई बसली होती.

भिंतीवर खुर्चीची सावली पडली. उंच पाठ, दोन हात, चार पाय. तिला टेकलेली काठी. शेजारी तिपाई आणि कॅमेरा.

खुर्चीत कुणी नव्हतं.

मी खुर्चीकडे बघितलं. ताई बसली होती, घाम पुसत होती, बाटलीचं झाकण लावत होती. भिंतीवर बाटली हवेत होती.

मी खिडकीपाशी कसा पोचलो मला माहीत नाही. कापड थोरलीच्या हातातून घेतलं आणि पुन्हा लावलं. "ऊन तिच्या डोळ्यांना लागतं," असं म्हणालो. आवाज नेहमीसारखा निघाला. थोरली सॉरी म्हणाली. बाकी कुणी भिंतीकडे बघितलं नव्हतं. कॅमेरावाली सामान आवरत होती आणि तिने मान वर केली नाही, त्यावरून तिने बघितलं होतं हे मला कळलं.

सगळे खाली गेल्यावर मी एकटा कापडाजवळ गेलो. पन्नाशी उलटलेला माणूस, घरी बायको-मुलं, आणि मी एका पांढऱ्या कापडासमोर उभा राहून सांगितलं की ताईने आभार मानलेत. मग स्वतःच्या वतीनेही मानले. जिन्याबद्दलचे. ते तिने मला कधी पुरते मानू दिले नव्हते. कापड हललं नाही. मी ते सोडवलं, घडी घातली आणि फार जपून, दोन्ही हातांवर घेऊन खाली आणलं. एरवी मी अशी कापडं बोचकं करून गाडीत फेकतो. जिना आता इमारतीच्या सावलीत होता. भिंतीवर कुणाचंच काही पडत नव्हतं.

चित्रीकरण चार दिवसांनी आलं. पाकिटात कॅमेरावालीची चिठ्ठी होती: 'सात मोजले. परत मोजणार नाही.' डॉक्टरांची मुदत उलटून गेली तरी ताईने तो नाच एकोणीस दिवस, रोज सकाळी न्याहारीनंतर भिंतीवर मोठा करून बघितला. रोज तेवढंच हसली. धाकटी लंगडत भेटायला आली तेव्हा तिला म्हणाली, तुझ्या जागी जी उभी राहिली ना, तिच्याकडून दोन गोष्टी शिकून घे. विसाव्या दिवशी मी चित्र लावलं आणि ती म्हणाली, "लाव ना." ते चालूच होतं. मी तिचा हात धरून बसलो, डावा. नाच संपला. मग ती म्हणाली, "माझं बघून झालं होतं रे. तू वाईट नको वाटून घेऊस."

आता ती आमच्याकडेच राहते. तिच्या खोलीतले दिवे मी स्वतः लावले आहेत. चारी बाजूंना पट्ट्या, छत पांढरं, खिडकीला जाड पांढरा पडदा, उजेड सगळीकडून सारखा. अशा खोलीत कुणाचीच सावली पडत नाही, खुर्चीची नाही, पाहुण्यांची नाही. बायको म्हणते, ही खोली आहे की ऑपरेशन थिएटर. येणारेजाणारे म्हणतात, बहिणीसाठी किती करतो. मी त्यांना चहा विचारतो. ताई मजेत आहे. जेवते, गप्पा मारते, मुलींना तोंडी शिकवते, मला दिवट्या म्हणते. मला या सगळ्याचं उत्तर नको आहे. ज्या कुणी किंवा ज्या कशाने तिला ती एक दुपार दिली, त्याचा मी जन्मभर आभारी आहे. उजेडाचं काम करणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं की काही ठिकाणी दिवा मारून बघायचं नसतं.

ते कापड मी तिच्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हतो. गेल्या रविवारी मी बाहेर गेलो असताना बायकोने कपाट आवरायला काढलं. कापडाला कोंदट वास येतो म्हणून तिने ते गच्चीवर नेऊन दोन दोऱ्यांवर ताणून उन्हात टाकलं. मी परत आलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ताई तिच्या खोलीत पडदा ओढून, खुर्चीत मान मागे टाकून बसली होती.

"आज किती छान ऊन आहे रे," ती म्हणाली. "पण कापड नीट ताणलं नाही कुणी. चुणी माझ्या खांद्यावर येतेय."

मी फवाऱ्याची बाटली भरून घेतली आणि गच्चीवर गेलो. कापड रिकामं होतं, निदान एवढ्या उन्हात मला तरी काही दिसलं नाही. खालच्या शिवणीपासून वीतभर खाली, डावीकडे, एक लांब तिरकी चुणी होती. मी कड ताणून धरली आणि तिच्यावर पाणी मारलं.

खालून, उघड्या जिन्यातून, ताईचा हसण्याचा आवाज आला. "हळू रे दिवट्या," ती म्हणाली. "गार लागतं."